पॉवर वीडर: बेल्ट सुटत नाही, रिव्हर्स टिकत नाही

बांधावरचा

सात एचपीचा पेट्रोल वीडर आहे. १७० एफ जातीचं इंजिन, इंजिनावरून गिअरबॉक्सला दोन व्ही-बेल्ट, पुढचे दोन गिअर आणि मागचा एक. भाजीपाला आणि उसाच्या सरीत चालतो. तक्रारी तीन.

एक, क्लचचा दांडा सोडला तरी रोटर, म्हणजे ब्लेड बसवलेला फिरता भाग, हळूहळू फिरत राहतो. दोन, रिव्हर्स टाकताना करकर वाजतं, आणि लागला तरी भार आला की सुटतो. तीन, ओलसर रानात दुसऱ्या गिअरला बेल्ट ओरडतो.

मेकॅनिक थेट गिअरबॉक्स खोलायचं म्हणतोय. खोलण्याआधी बाहेरून काय काय बघता येईल? बेल्टवरचे आकडे घासून गेलेत, त्यामुळे नवा कुठल्या नंबरचा घ्यायचा हेही सांगा.

---

पुलीपाना

गिअरबॉक्स इतक्यात खोलू नका. पहिली तक्रार आणि दुसरीचा पहिला अर्धा भाग, म्हणजे करकर, यांचं कारण बहुतेक एकच निघेल: बेल्ट सुटत नाहीये.

या यंत्रात क्लचप्लेट नसते. दांडा दाबला की आयडलर पुली बेल्टवर दाबली जाते आणि बेल्ट पकडतो. सोडला की ढिला पडतो. एवढाच क्लच. बेल्ट पूर्ण ढिला झाला नाही तर गिअरबॉक्सची आत जाणारी शाफ्ट फिरत राहते, आणि फिरत्या शाफ्टवर उलटा गिअर बसवायला गेलं की दात घासणारच. लोक पकडीकडे बघतात, सुटीकडे कुणी बघत नाही.

तपासणी इंजिन बंद ठेवून होते. पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची टोपी काढून बाजूला, बेल्टचं कव्हर काढा. दांडा सोडलेला, गिअर न्यूट्रलला. आता स्टार्टरची दोरी सावकाश ओढा आणि गिअरबॉक्सच्या पुलीकडे बघा. इंजिनाची पुली फिरेल, गिअरबॉक्सची जागेवर राहायला हवी. तीही फिरत असेल तर बेल्ट ओढतोय. कव्हर काढून इंजिन चालू करून बघण्याचा मोह होतो. करू नका, बोटं जातात.

ओढत असेल तर या क्रमाने बघा:

१. क्लच केबल फार ताणलेली आहे का. दांड्याच्या हालचालीचा पहिला तिसरा भाग मोकळा जायला हवा, त्यानंतर आयडलर बेल्टला टेकायला हवा.

२. आयडलरचा हात त्याच्या पिनवर सहज फिरतो का. चिखल वाळून पिन जाम होते आणि दांडा सोडला तरी हात परत येत नाही. पिन काढून पॉलिश पेपरने साफ करा, हलकं ग्रीस लावा.

३. परतीची स्प्रिंग जागेवर आहे का, तिचा हूक उघडला नाही ना.

४. बेल्ट गाईड. हे सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून जरा सविस्तर.

पुलीभोवती ज्या एक-दोन वाकवलेल्या सळ्या किंवा पट्ट्या असतात त्या नुसता बेल्ट उतरू नये म्हणून नसतात. बेल्ट ढिला झाला की फुगतो. गाईड योग्य जागी असेल तर तो फुगवटा इंजिनाच्या पुलीपाशी जमतो आणि बेल्ट तिथल्या खाचेतून उचलला जातो. गाईड बाहेर वाकलेलं असेल तर ढील भलतीकडे जाते, इंजिनाची पुली बेल्टला घासत राहते आणि रोटर फिरत राहतो. दांडा दाबून बेल्ट ताणलेला असताना बेल्टची पाठ आणि गाईड यांत साधारण ३ मिमी फट ठेवा. गाईड बेल्टच्या पाठीला टेकत असेल तर बेल्ट झिजेल, आणि फट ८–१० मिमी झाली तर सुटही बिघडते आणि बेल्ट उतरायचीही भीती. मोजायला ३ मिमीचा ड्रिल बिट फटीत घालून बघा.

---

कोकणमाती

वरच्यात एक जोडतो. इंजिनाचा आयडल, म्हणजे रेस न देता चालतानाचा वेग, वाढवून ठेवलेला असेल तर सगळं ठीक असूनही रोटर फिरतो. आयडलला १४००–१६०० आरपीएम पुरे. थंड इंजिन बंद पडतं म्हणून लोक स्क्रू पिळतात आणि नंतर क्लचला दोष देतात. कार्बुरेटरचा आयडल जेट साफ करा, स्क्रू पूर्वीच्या जागी आणा, मग बेल्टकडे वळा.

---

ऊसवाला

बेल्ट ओरडतो त्यावर सोपा उपाय म्हणजे खाचांचा, दातेरी बेल्ट टाका. पकड जबरदस्त, लहान पुलीवर गरमही कमी होतो. ए जातीच्या साध्या बेल्टच्या जागी दातेरी एएक्स.

---

पुलीपाना

ऊसवाला, पिठाच्या गिरणीवर किंवा कॉम्प्रेसरवर तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर. इथे नाही. दातेरी बेल्टच्या कडा कापलेल्या असतात, कापड नसतं, रबर थेट पुलीला भिडतं. पकड चांगली हे खरं, पण आयडलर सोडला तरी तो धरूनच ठेवतो. जिथे बेल्ट हाच क्लच आहे तिथे सर्व बाजूंनी कापड गुंडाळलेला बेल्ट लागतो, म्हणजे तो पकडताना थोडा घसरून हळू पकडतो आणि सोडताना लगेच सोडतो. बांधावरचा यांचा रोटर आधीच सुटत नाहीये. तिथे दातेरी बेल्ट टाकला तर रिव्हर्स आणखी वाजेल.

आयडलर-क्लचसाठी आत अरामिड धाग्याचे गुंडाळलेले बेल्ट मिळतात. महाग आहेत, पण वाढत कमी आणि झटका जास्त सोसतात. नाही मिळाले तर साधा गुंडाळलेला क्लासिकल बेल्ट चालतो. नागपूरच्या पिक्सचा, फेनरचा, जो गावात मिळेल तो. फक्त दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी. एक जुना आणि एक नवा जोडला तर नवा सगळा भार घेतो, जुना नुसता फिरतो आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा दुकानात.

---

शेवगा

नंबर घासलेला बेल्ट ओळखायचा कसा ते कुणी नीट लिहा. दुकानदार जुना बेल्ट हातात घेऊन खुंटीवरच्या बेल्टला लावून बघतो आणि "हाच" म्हणतो. वाढलेल्या बेल्टला लावून घेतलेला नवा बेल्ट लांबच येणार.

---

पुलीपाना

आधी जात. वरची रुंदी मोजा: १३ मिमी म्हणजे ए, १७ मिमी म्हणजे बी. जाडी अनुक्रमे ८ आणि ११. घासलेला असेल तर १२ आणि १६ भरेल.

मग लांबी. बेल्टवरचा आकडा म्हणजे आतली लांबी, इंचात. ए-३६ म्हणजे आतून ३६ इंच, ९१४ मिमी. बाहेरून दोरी लावून मोजलं तर ए ला ५० मिमी आणि बी ला साधारण ७० मिमी जास्त भरतं, म्हणून बाहेरचं माप घेऊन दुकानात गेलात तर दोन-तीन नंबर मोठा बेल्ट घरी येतो.

जुन्यावर भरवसा नसेल तर पुलीवरून काढा. दोन शाफ्टमधलं अंतर अं, मोठी पुली मो, लहान पुली ल, सगळं मिमीमध्ये, पुलीचा व्यास बेल्टच्या मधल्या रेषेवरचा:

लांबी = २ × अं + १.५७ × (मो + ल) + (मो − ल)² ÷ (४ × अं)

समजा अंतर ३००, पुल्या १५० आणि ८०. तर ६०० + ३६१ + ४ = ९६५ मिमी. ही मधल्या रेषेवरची लांबी. ए च्या आतल्या लांबीसाठी ३६ वजा करा, बी साठी ४३. ९६५ − ३६ = ९२९ मिमी, म्हणजे ३६.६ इंच. इथे ए-३७ घ्यायचा, ए-३६ नाही, कारण आयडलर सोडल्यावर ढील उरली पाहिजे. ए-३६ चढेल, चालेलही, पण सुटणार नाही.

अंतर मोजताना इंजिन त्याच्या लांबट भोकांच्या मध्यावर ठेवा, दोन्ही बाजूंना सरकवायला जागा राहील. एक नंबर म्हणजे २५.४ मिमी बेल्ट, आणि तेवढ्यासाठी इंजिन साधारण १३ मिमी सरकवावं लागतं.

---

शेवगा

मधल्या रेषेवरचा व्यास कसा घ्यायचा? पुलीचा बाहेरचाच मोजता येतो.

---

पुलीपाना

बाहेरच्या व्यासातून ए साठी ६–७ मिमी वजा करा, बी साठी ८–९. मिमीभर चुकलं तरी आयडलर आणि इंजिनाची सरक सांभाळून घेतात.

---

रानवारा

पुली मोजतच आहात तर खाचही बघून घ्या. नवा बेल्ट खाचेत बसवल्यावर त्याची पाठ पुलीच्या कडेच्या बरोबरीला किंवा किंचित वर राहिली पाहिजे. आत बुडाली तर खाच झिजली आहे. खाचेचा तळ चकाकत असेल तर खात्रीच, कारण व्ही-बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाला टेकायचंच नसतं. तळाला टेकलेला बेल्ट कितीही ताणला तरी घसरतो. खाचेच्या बाजूला सरळ पट्टी लावा, मध्ये पाऊण मिमीपेक्षा जास्त खळगा दिसला की पुली बदला. यात नवे बेल्ट घालत राहणं म्हणजे पैसे जाळणं.

लेथवाल्याकडून पुली करून घेत असाल तर खाचेचा कोन त्याला सांगा. बेल्ट ४० अंशांचा असला तरी लहान पुलीची खाच ३४ अंशांची लागते, मोठीची ३८. बेल्ट वाकला की त्याच्या बाजू फुगतात आणि कोन कमी होतो, म्हणून. ४० ची सरळ खाच कापून देणारे पुष्कळ आहेत. आणि इंजिनाची पुली ठोकून काढू नका. तो मार क्रँकशाफ्टच्या बेरिंगवर जातो. दोन पायांचा पुलर वापरा, आधी ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) पूर्ण ढिला करा, त्यावर एकाखाली एक असे दोन असतात कधी कधी.

---

बांधावरचा

दोरी ओढून बघितलं. गिअरबॉक्सची पुली फिरते. गाईड दोन आहेत, त्यातलं इंजिनाकडचं वाकलेलं, फट ९ मिमी. आयडलरचा हात मोकळा आहे. बेल्ट ए जातीचे, कडा काचेसारख्या चकचकीत झाल्यात आणि एकावर एका ठिकाणी जळका डाग आहे. बदलतोच. बदलायची पद्धत आणि ताण किती ठेवायचा ते सांगा.

---

पुलीपाना

जळका डाग एकाच जागी म्हणजे रोटर अडकला, बेल्ट थांबला आणि इंजिनाची पुली त्याच जागी घासत राहिली. रोटरला पाचट किंवा दोरी गुंडाळली गेली की हे होतं. दांडा लगेच सोडला असता तर बेल्ट वाचला असता.

बदलायचं असं:

इंजिन थंड, पेट्रोल बंद, प्लगची टोपी काढलेली. कव्हर काढलं की बेल्ट कुठून कसा जातो, गाईड कुठे आहेत, आयडलर आतून दाबतो की पाठीवर, याचा मोबाईलवर फोटो काढा. इंजिनाचे चार फाउंडेशन बोल्ट ढिले करा, काढू नका. इंजिन गिअरबॉक्सच्या दिशेने सरकवा, बेल्ट हाताने उतरवा. स्क्रूड्रायव्हर घालून कडेवरून ओढायचा नाही, नव्याला तर अजिबात नाही. तसं केलं की आतले धागे एका बाजूचे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि दहा तासांनी बेल्ट खाचेत उलटा पडतो.

पुल्यांच्या खाचा तारेच्या ब्रशने साफ करून कोरड्या फडक्याने पुसा. आयडलर हाताने फिरवा: खरखर, हलणं किंवा अगदी सैल फिरणं म्हणजे बेरिंग गेलं. कडेवरचा आकडा वाचून तेच घ्या, बहुतेक ६२०२ किंवा ६२०३, दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं. पत्र्याच्या झाकणाचं नको, धूळ आत जाते.

नवे बेल्ट चढवा, इंजिन मागे सरकवा. बोल्ट आवळण्याआधी सरळ रेषा. दोन्ही पुल्यांच्या सपाट बाजूला दोरी ताणून धरा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. ३० सेंमी अंतरात अडीच-तीन मिमीपेक्षा जास्त फरक नको. मागची कडा जुळली आणि पुढची नाही, तर इंजिन तिरकं बसलंय. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. ८ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट असेल तर २५ न्यूटन मीटर पुरे, १० मिमीचा असेल तर ४५. आवळून झाल्यावर रेषा पुन्हा बघा, आवळताना इंजिन हमखास सरकतं.

मग गाईड ३ मिमीवर, आणि शेवटी केबल. गाईड आधी, केबल नंतर.

ताण बघायचा तो दांडा दाबून तात्पुरता बांधून, इंजिन बंद असताना, आणि ज्या बाजूला आयडलर नाही त्या बाजूला. दोन पुल्यांच्या टेकण्यामधलं मोकळं अंतर मोजा. दर मीटरला १६ मिमी या हिशोबाने ३०० मिमीला ५ मिमी. एवढा एक बेल्ट मध्ये दाबायला ए जातीला १ ते १.५ किलो बळ लागावं, बी ला २ ते ३ किलो. स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजता येतं. नवा बेल्ट असेल तर वरच्या आकड्याच्याही पाव पट जास्त ठेवा, कारण पहिल्या अर्ध्या तासात तो खाचेत बसतो आणि ढिला पडतो. मोजून झालं की दांडा सोडा. बांधलेला विसरून स्टार्टर ओढू नका.

केबलच्या टोकाला जी स्प्रिंग आहे तिच्याकडेही लक्ष. दांडा पूर्ण दाबल्यावर तिचे वेढे थोडे उघडलेले दिसले पाहिजेत. वेढे बंदच राहिले तर बेल्टवर ताण येत नाहीये. पूर्ण ताणली गेली तर दांड्याचा सगळा जोर केबलवर जातोय, केबल तुटेल.

पाच मिनिटं रिकामा चालवा, अर्धा तास हलक्या रानात पहिल्या गिअरला, मग इंजिन बंद करून ताण आणि फाउंडेशन बोल्ट पुन्हा तपासा.

---

ऊसवाला

दातेरीचं पटलं. पण ओरडण्यावर एक विचारतो, खेड्यात लोक बेल्टला राळ लावतात, कुणी बेल्ट स्प्रे मारतं. तासभर आवाज जातो हे खरं आहे.

---

रानवारा

तासभरच जातो. चिकट थरावर धूळ बसते, तिची पेस्ट होते आणि ती खाचा घासते. शिवाय चिकट बेल्ट सुटत नाही, म्हणजे परत करकर. बेल्टवर कधीच काही लावायचं नाही. तेल सांडलं असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून वाळवा. पेट्रोलने पुसू नका, रबर फुगतं.

ओल्या रानात दुसऱ्या गिअरला ओरडणं हे बऱ्याचदा बेल्टचं दुखणं नसतंच. सात एचपीच्या यंत्राला ओल्या काळ्या मातीत पूर्ण रुंदीचे सगळे ब्लेड आणि दुसरा गिअर झेपत नाही. दोन्ही बाजूचा बाहेरचा एकेक सेट काढा किंवा पहिल्या गिअरला चालवा. माती मुठीत दाबल्यावर गोळा होऊन चिकटत असेल तर थांबा, वाफसा येऊ द्या.

---

रानवारा

आता रिव्हर्स, वेगळ्या पोस्टमध्ये.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या जातीच्या यंत्रात रिव्हर्सला बेल्ट उलटा फिरत नाही. इंजिन त्याच दिशेने, बेल्ट त्याच दिशेने; उलटी दिशा गिअरबॉक्समध्ये एक जास्तीचा गिअर मध्ये आल्याने मिळते. म्हणून पुढचे दोन्ही गिअर भार घेतात आणि फक्त रिव्हर्स भाराखाली सुटतो, तेव्हा बेल्टला दोष देऊ नये. करकर हा बेल्टचा दोष, सुटणं हा केबलचा, फोर्कचा (आत गिअर सरकवणारा काटा) किंवा दातांचा. बांधावरचा यांच्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे गोंधळ होतोय.

सुटण्याचं कारण बाहेरून असं वेगळं काढा. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली. हँडलवरचा रिव्हर्सचा दांडा पूर्ण ओढून मदतनिसाला धरायला सांगा. आता गिअरबॉक्सवरचा छोटा हात, ज्याला केबल जोडलेली असते, तो हाताने त्याच दिशेने आणखी ढकलून बघा. दात दातावर आले असतील तर रोटर थोडा हलवा, हातमोजे घालून. हात आणखी पुढे जात असेल तर केबल पूर्ण ओढत नाहीये, गिअर अर्धाच बसतोय आणि म्हणून सुटतोय. केबलच्या नटवरून तेवढी ढील काढा. पण सगळी नाही: रिव्हर्स सोडलेला असताना दांड्याच्या टोकाला ५ मिमीच्या आसपास मोकळी हालचाल राहू द्या, नाहीतर फोर्क कायम थोडा ओढलेला राहतो आणि पुढचे गिअर झिजवतो.

हात शेवटपर्यंत गेलेला आहे आणि तरी भाराखाली सुटतो, असं असेल तर मात्र आतलं काम: फोर्क वाकलेला किंवा झिजलेला, गिअरच्या दातांच्या कडा गोल झालेल्या, नाहीतर गिअर जागेवर धरणारी छोटी गोळी आणि तिची स्प्रिंग मऊ झालेली. आधी गोळी-स्प्रिंग बघा, बऱ्याच यंत्रांत ती बाहेरच्या एका बोल्टखाली असते, पेटी न खोलता निघते. दात गोल होण्याचं कारण ९० टक्के तेच, बेल्ट न सुटता महिनोन्महिने रिव्हर्स टाकणं. म्हणून बेल्टची सुट दुरुस्त केल्याशिवाय आतले गिअर बदलू नका, नवेही तसेच जातील.

केबलची बाहेरची नळी कुठे तुटली आहे का, सायलेन्सरला चिकटून वितळली आहे का हे बघा. आत तेल सोडा, पातळ, इंजिनाचं चालतं. ग्रीस नको, धूळ धरतं आणि थंडीच्या सकाळी केबल परत येत नाही.

---

कोकणमाती

तेलाचं राहिलं. गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग उघडा, यंत्र सपाट जागी उभं असताना. तेल भोकाच्या काठाला असलं पाहिजे. ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, ज्याला दुकानात ९० नंबर म्हणतात. पहिल्या २०–३० तासांनी एकदा बदला, नव्या गिअरचा चुरा त्यात असतो. पुढे हंगामाला एकदा. दुधासारखं पांढरट निघालं तर पाणी गेलंय. भाताच्या खाचरात किंवा धुताना जोराचं पाणी मारलं की सीलमधून नाहीतर वरच्या हवेच्या भोकातून जातं. ते भोक मातीने बुजलं तरी आत दाब वाढून सील गळतं.

गळणारं सील जर बेल्टकडच्या शाफ्टचं असेल तर दहा रुपयांच्या तेलापायी बेल्टची जोडी जाते. पुलीच्या मागे तेलाचा तवंग आणि कव्हरच्या आत एका रेषेत शिंतोडे दिसले की तेच समजा.

---

मिशिगनकर

इकडे अमेरिकेत घरामागच्या बागेचे टिलर वेगळे असतात, पण बेल्टचे नियम तेच. ब्लेड मागे आणि चाकं पुढे असणाऱ्या काही जुन्या यंत्रांत रिव्हर्ससाठी गिअरच नसतो. रबरी कडेची एक चकती असते. दांडा ओढला की बेल्ट ढिला होतो आणि चकती दोन पुल्यांमधली ताकद थेट घासून पुढे देते. बेल्टने जोडलेल्या दोन पुल्या एकाच दिशेला फिरतात, कडेला कडा लागलेल्या उलट्या. तिथे रिव्हर्स कमजोर म्हणजे चकतीचं रबर चकचकीत, तेलकट किंवा झिजलेलं. पॉलिश पेपर मारला तर थोडे दिवस चालतं, मग बदलायची.

आणखी एक प्रकार म्हणजे दोन वेगळे बेल्ट, एक पुढे जाण्याचा, एक रिव्हर्सचा, प्रत्येकाला स्वतःचा आयडलर आणि स्वतःचा दांडा. भारतातही हलक्या बागकामाच्या यंत्रांत तो येतो. रिव्हर्सच्या बेल्टची पाठ खाचेच्या पुलीवर चालत असेल तर साधा बेल्ट टाकू नये, दोन्ही बाजूंनी पकडणारा षटकोनी बेल्ट लागतो. पुस्तिकेतला नंबरच घ्या. आणि एक दांडा दाबलेला असताना दुसरा बेल्ट पूर्ण ढिला आहे हे इंजिन बंद ठेवून तपासा. दोन्ही एकाच वेळी थोडे पकडत असतील तर दोन्ही जळतात, रबराचा वास आधी येतो.

---

शेवगा

रिव्हर्सचा दांडा सोडला की आपोआप परत येतो, सतत धरून हात दुखतो. गावात काहीजण त्याला तार बांधून ठेवतात. चालतं का?

---

रानवारा

नाही. तार लगेच काढा.

वीडरचा रोटर एक्सलवरच असतो, चाकं वेगळी नसतात. रिव्हर्सला तेच ब्लेड यंत्राला तुमच्या पायांवर चढवतात. मागे बांध, झाड, केळीचा खुंट काहीही असो, माणूस मध्ये अडकला की हात सुटण्यावरच सगळं अवलंबून असतं. तार बांधली की हात सुटूनही यंत्र येतच राहतं. दांड्याची स्प्रिंग म्हणूनच आहे. ती मऊ झाली असेल तर बदला, कापून आखूड करू नका.

रिव्हर्स घ्यायचा तो आयडलला, मागची खोलीची पट्टी जमिनीतून उचलून, ब्लेड मातीत नसताना, आणि मागे निदान दोन पावलं मोकळी जागा बघून. सरीच्या टोकाला वळायला रिव्हर्स लागतोच असं नाही, हँडल दाबून रोटर उचलून वळवता येतो. मातीत खोल रुतलेलं यंत्र रिव्हर्सने उपसायचं तर नाहीच. इंजिन बंद करा, ब्लेडभोवतीची माती खुरप्याने मोकळी करा.

---

बांधावरचा

बेल्ट बदलले, ए-३७ ची जोडी, गाईड ३ मिमीवर. दोरी ओढल्यावर गिअरबॉक्सची पुली आता हलत नाही. करकर पूर्ण गेली. रिव्हर्स भाराखाली अजून सुटतो. हाताची तपासणी केली: दांडा पूर्ण ओढल्यावर गिअरबॉक्सवरचा हात अजून ४ मिमी पुढे जातो. केबलचा नट मात्र शेवटच्या आट्यांवर आहे, आणखी फिरत नाही.

---

रानवारा

मग केबल वाढली आहे किंवा बाहेरची नळी दबली आहे. दोन्ही टोकांना नळी ज्या टोपीत बसते ती बघा. नळी टोपीतून आत खचली की तेवढी ढील येते आणि नट पुरत नाही. केबल नवीच घ्या. जुन्याची बाहेरच्या नळीची लांबी आणि आतल्या तारेची बाहेर राहणारी लांबी, दोन्ही मापं घेऊन जा. नुसती एकूण लांबी जुळवून आणलेली केबल पुन्हा नटच्या शेवटावरच येते. नवी लावताना नट मध्यावर ठेवून सुरुवात करा.

आणि ते ४ मिमी हँडलवरचा दांडा वाकवून काढायचा प्रयत्न करू नका, तुटेल.

---

पुलीपाना

काढलेले बेल्ट टाकून देण्याआधी एकदा बघा, पुढच्या वेळी उपयोगी पडतं. कडा चकचकीत: घसरत होता. एकच कड झिजलेली: पुल्या तिरक्या किंवा गाईड घासतं. तळाला आडव्या भेगा: उष्णता, वय, किंवा पुली बेल्टच्या मानाने लहान. मऊ, फुगलेला: तेल किंवा पेट्रोल. सरळ तुटलेला: दगड अडकून झटका. खाचेत उलटा पडणारा: आतला धागा तुटलेला, चढवताना बहुतेक.

नवी केबल लावताना क्लच केबल आणि रिव्हर्स केबल एकमेकींत गुंतवू नका. हँडल डावी-उजवीकडे फिरवता येत असेल तर दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बघा, कुठल्याही बाजूला फिरवल्यावर गिअरबॉक्सवरचा हात स्वतःहून हलता कामा नये. हलत असेल तर केबलचा मार्ग आखूड पडतोय, क्लिप एक जागा मागे घ्या.